आधी शून्य मोजावं लागतं

स्केलर वेव्ह पकडणारा घरगुती डिटेक्टर बांधायला फार सामान लागत नाही. एक कॅपॅसिटर, एक ऑप-अँप आयसी, तिच्या आउटपुटकडून इनपुटकडे परत आणलेला दहा मेगओहमचा रेझिस्टर, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि हे सगळं आत मावेल असा एक डबा. १९८६ साली अमेरिकेतल्या ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात ग्रेगरी होडोवानेक यांनी या धर्तीच्या सर्किटबद्दल लिहिलं. कॅपॅसिटरमधून येणाऱ्या खरखरीत गुरुत्वाच्या, स्केलर जातीच्या लहरी सापडतात असा त्यांचा दावा होता. पुढे जर्मनीतल्या कॉन्स्टँटिन मायल यांनी निकोला टेस्लाचा वारसा सांगत दोन चपट्या कॉइलचा संच आणला: एक कॉइल पाठवणारी, एक घेणारी, मध्ये अर्थची एक वायर आणि घेणाऱ्या बाजूला पेटणारा एलईडी. हौशी माणसं, आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं आजही या दोन वाटांनी जातात. मालवणात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला या सर्किटांची जातकुळी लगेच ओळखू येते, कारण त्यातला एकेक पार्ट रोजच्या हाताखालचा असतो. म्हणूनच या प्रयोगांविषयी मला आस्थेनं लिहावंसं वाटतं. ते करू नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण डब्यातून सिग्नल येतो का, हा त्यातला प्रश्नच नव्हे. सिग्नल येतोच, आमच्या किनाऱ्यावर तर तो आल्याशिवाय राहत नाही. विचारायचं असतं ते हे, की स्केलर वेव्ह जगात मुळीच नसती तर याच डब्यातून काय आलं असतं? हे ज्याने आधी तपासलेलं नाही, त्याच्या मोजमापाला अजून सुरुवात झालेली नाही.

या लहरींबद्दल जे सांगितलं जातं ते थोडक्यात असं. नेहमीच्या विद्युतचुंबकीय लहरींत विद्युतक्षेत्र आणि चुंबकक्षेत्र प्रवासाच्या दिशेला आडवी डोलतात. स्केलर वेव्ह प्रवासाच्या दिशेतच पुढेमागे डोलते, धातूच्या पत्र्यातून आरपार जाते, अंतर वाढलं तरी क्षीण होत नाही आणि काहींच्या मते प्रकाशाच्याही पुढे धावते. मॅक्सवेलची समीकरणं रिकाम्या जागेतून जाणाऱ्या अशा लहरीला जागा देत नाहीत. म्हणून पुढेमागे डोलणारी लहर ही चीजच खोटी, असं मात्र कुणी समजू नये. प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांच्या अशा लहरी असतात आणि त्या प्रयोगशाळेत मोजल्या गेल्या आहेत. त्याहून जवळचं उदाहरण मालवणच्या बंदरात आहे. मासेमारीच्या होडीवरचा फिशफाइंडर दिवसभर ध्वनीच्या, म्हणजे पुढेमागे डोलणाऱ्या लहरींवरच चालतो. तो ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा ठोका खाली सोडतो, पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, आणि तळ वीस मीटरवर असेल तर सुमारे सत्तावीस मिलिसेकंदांत प्रतिध्वनी परत येतो. पडद्यावरचा आकडा खरा की खोटा हे ठरवायला तांडेलाला पुस्तक लागत नाही. दोरीला वजन बांधून खाली सोडलं की किती वाव पाणी आहे ते हाताला कळतं. लहरीचा वेग माहीत, वारंवारता माहीत, अंतर बदललं की वेळ किती बदलेल हे आधी सांगता येतं, आणि वेगळ्या रीतीनं पडताळाही घेता येतो. स्केलर वेव्हकडे याहून जास्त मागायचं कारण नाही. पण याहून कमीही चालणार नाही.

आता डब्यात डोकावू. डिटेक्टरच्या इनपुटला जो प्रवाह पकडायचा असतो तो नॅनोअँपिअरच्या पातळीवरचा, पुष्कळदा त्याहूनही कमी. ऑप-अँपच्या शेजारशेजारच्या दोन पायांत अंतर असतं अडीच मिलिमीटर. एका पायावर बॅटरीचे नऊ व्होल्ट आणि बाजूलाच तो नाजूक इनपुट. मधल्या जागेचा रोध एक गिगाओहमवर उतरला, म्हणजे मल्टिमीटरला पत्ताही लागणार नाही इतकी बारीक गळती सुरू झाली, तरी नऊ नॅनोअँपिअर प्रवाह इनपुटमध्ये शिरतो आणि दहा मेगओहमच्या रेझिस्टरमुळे आउटपुटला नव्वद मिलिव्होल्ट उभे राहतात. कुठल्याही लहरीविना. किनाऱ्यावर ही गळती कुणाला चुकत नाही. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं, हे पावसाळ्यात मिठाची बरणी उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण समुद्राचं मीठ शुद्ध नसतं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास असतानाच पाणी धरतं. वाऱ्याबरोबर येणारे खारट तुषार पीसीबीवर बसले की त्यांचा थर डिसेंबर-जानेवारीतही पुरता सुकत नाही. दुरुस्तीला आलेला कुठलाही जुना बोर्ड भिंगाखाली धरावा: आयसीच्या पायांच्या मुळाशी पांढुरका थर, तांब्याच्या ट्रॅकला हिरवट गंज, आणि दोन पायांमध्ये काचेवर श्वास सोडावा तशी ओल. आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, ब्रश मारून, गरम हवेनं शेकून बोर्ड कोरडा केला की डिटेक्टरचं आउटपुट खाली बसतं. उघडा ठेवला तर ते पुन्हा चढू लागतं. सिग्नल जर आकाशातून येत असेल तर आयपीएच्या घासण्यानं तो कमी व्हायला नको. इतकी साधी, इतकी स्वस्त परीक्षा आहे ही. तरी ती केल्याची नोंद अशा प्रयोगांच्या वह्यांत क्वचितच असते.

ओलीला दिवसाचा ताल असतो, आणि घोटाळा इथे वाढतो. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. तापमान, आर्द्रता आणि वाऱ्यातलं मीठ ही तिन्ही त्याबरोबर वरखाली होतात. ऑप-अँपच्या आतही हाच ताल चालतो. टीएल०७१ सारख्या आयसीचा स्वतःचा इनपुट प्रवाह तापमान दहा अंशांनी चढलं की जवळजवळ दुप्पट होतो. मग कागदावर रोज ठरावीक वेळी येणारा उंचवटा दिसतो, आणि तो सूर्याकडून आलेल्या ऊर्जेचा मानला जातो. कुणी जास्त दिवस नोंदी ठेवल्या तर त्यांत चंद्राचाही ताल सापडतो, आणि तेव्हा उत्साह फारच वाढतो. पण किनाऱ्याजवळच्या घरात चंद्र दुसऱ्या दारानंही येतो. भरती-सुकतीबरोबर किनाऱ्यालगतच्या विहिरींची पातळी बदलते, जमिनीची ओल बदलते, जांभ्यात पुरलेल्या अर्थिंगच्या सळीचा रोध बदलतो, आणि ज्या सर्किटाची एक बाजू अर्थला बांधलेली आहे ते या सगळ्याला जाब देतं. सूर्याचा ताल चोवीस तासांचा, चंद्राचा चोवीस तास पन्नास मिनिटांचा. उधाण आणि भांग दोन्ही येतील असा पूर्ण पंधरवडा नोंदी ठेवल्या तर हे दोन ताल एकमेकांपासून सुटे होतात. एकदोन दिवसांच्या आलेखावरून ते सुटे करणं कुणालाच शक्य नाही. शिवाय सिरॅमिक कॅपॅसिटर स्वतःच थोडाफार मायक्रोफोन असतो: दणका बसला, जवळून डंपर गेला, लाट आपटली, की त्यात व्होल्टेज उठतं. आणि मोठा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर शॉर्ट करून सोडला तरी थोड्या वेळानं त्यावर आपोआप व्होल्टेज चढतं. काही जण याला अवकाशातून भरली जाणारी ऊर्जा म्हणतात. ते डायलेक्ट्रिकमध्ये अडकून राहिलेल्या जुन्या चार्जचं सावकाश परतणं आहे, आणि जुने अँप्लिफायर उघडणारा प्रत्येक मेकॅनिक त्यासाठी कॅपॅसिटर पुन्हा एकदा शॉर्ट करूनच हात घालतो.

या सगळ्यावर एक आक्षेप ठरलेला आहे: सर्किट तर धातूच्या डब्यात बंद होतं, मग बाहेरची विजेची लहर आत येईलच कशी? आत जे आलं ते धातू भेदणारं, म्हणजे स्केलरच. हा युक्तिवाद ऐकायला पक्का वाटतो, म्हणून त्याला आकड्यांनी उत्तर दिलं पाहिजे. अर्थ केलेला पातळ पत्रा किंवा फॉइल विद्युतक्षेत्र चांगलं अडवते, हे खरं. चुंबकक्षेत्राचं तसं नाही. घरातल्या विजेचं ५० हर्ट्झचं चुंबकक्षेत्र सुमारे सदतीस टक्क्यांवर आणायलाच ॲल्युमिनियमची जवळजवळ बारा मिलिमीटर जाडी लागते, तांब्याची नऊच्या वर. स्वयंपाकघरातली फॉइल एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. ज्याला लोहचुंबक चिकटत नाही असा स्टीलचा डबा त्याहूनही निकामी. डब्याबाहेर निघणारी प्रत्येक वायर हा तर उघडा दरवाजाच; मल्टिमीटरकडे किंवा लॅपटॉपकडे गेलेली एक लीड अख्ख्या घराचं वायरिंग आत आणते. आणि या सगळ्यांतून सुटलं तरी शेवटचा आवाज डब्याच्या आतच असतो. प्रत्येक रेझिस्टर तापमानामुळे स्वतःच खरखरतो; जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्येच ते मोजून आणि गणितानं दाखवलं. एक मेगओहमचा रेझिस्टर, दहा किलोहर्ट्झची बँडविड्थ, खोलीचं तापमान: सुमारे तेरा मायक्रोव्होल्ट. हजारपट वाढवले की तेरा मिलिव्होल्ट. हा आकडा डिटेक्टर चालू करण्याआधीच कागदावर काढता येतो. ज्या डिटेक्टरचा कर्ता हा आकडा आधी सांगू शकतो, त्याच्या पुढच्या बोलण्याला वजन येतं.

आमच्या भागात एक सोय आयती मिळते, तिचा कुणी पुरेसा उपयोग करत नाही. ती म्हणजे लाईट जाणं. पावसाळ्यात फांदी पडली, डीपी उडाला, की वाडीच्या वाडी अंधारात जाते, आणि त्या वेळी बॅटरीवर चालणाऱ्या डिटेक्टरला जे शांतपण मिळतं ते शहरातल्या प्रयोगशाळेला पैसे टाकून मिळवावं लागतं. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं, खांब आणि तारा पडल्या आणि कित्येक गावं अनेक दिवस विजेविना राहिली. लोकांचे हाल झाले, ते विसरण्याजोगे नाहीत. पण अशा कुठल्याही खंडात बॅटरीवरचा डिटेक्टर आणि बॅटरीवरच नोंद घेणारं यंत्र चालू ठेवलं तर एका तासात कळतं की आपल्या ‘लहरी’तला किती भाग ५० आणि १०० हर्ट्झचा, म्हणजे महावितरणच्या तारांचा होता. जो उरतो त्यातला मोठा भाग आभाळातल्या विजांचा असतो. एप्रिल-मेच्या दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग गच्च भरतात. तिथे पडलेल्या विजेचा रेडिओ-ठोका शेकडो किलोमीटर जातो, म्हणून मालवणात आभाळ निरभ्र असलं तरी तो डिटेक्टरला लागतो. यासाठी जुना मीडियम वेव्हचा रेडिओ पुरतो. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी तो लावून डिटेक्टरशेजारी ठेवावा. रेडिओतला ‘खर्र’ आणि डिटेक्टरची उसळी एकाच क्षणी आली तर दोघांनाही एकच वीज भेटलेली आहे.

मायल यांच्या धर्तीच्या दोन कॉइलची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे एलईडी खरोखर पेटतो आणि पाहणारा खरोखर चकित होतो. वायर एकच, तरी ऊर्जा पलीकडे जाते, दोन्ही बाजू एकाच वारंवारतेला जुळल्या की उजेड वाढतो. यातलं काहीच खोटं नाही. पण पाच मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साठ मीटर असते, आणि तिच्या साधारण सहाव्या भागापर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊ मीटरच्या आत, कॉइलभोवतीचं क्षेत्र लहर म्हणून सुटून निघालेलंच नसतं. ते कॉइलला बांधलेलं असतं. टेबलाच्या दोन टोकांना ठेवलेल्या कॉइल एकमेकींच्या या क्षेत्रात बसलेल्या असतात, वरचे गोळे एकमेकांशी बारीक कॅपॅसिटर बनवतात, आणि अर्थची वायर परतीचा रस्ता पुरा करते. ट्रान्सफॉर्मरचंच हे लांब ताणलेलं रूप. वाद घालत बसण्यापेक्षा टेप घ्यावी. कॉइल एक मीटरवर, दोन मीटरवर, चार मीटरवर, मग अंगणात पंधरा आणि तीस मीटरवर ठेवून, अर्थची वायर काढून, दर वेळी कॉइल नव्यानं ट्यून करून पलीकडचं व्होल्टेज लिहावं. अंतरानं क्षीण न होणारी लहर असेल तर आकडा टिकेल. बांधलेलं क्षेत्र असेल तर तो अंतर दुप्पट होताना निम्म्याहून किती तरी खाली कोसळेल. दावा करणाऱ्यानं स्वतःच सांगितलेला गुणधर्म तपासायला तीस मीटर मोकळी जागा आणि एक दुपार लागते. आमच्या किनाऱ्यावर दोन्ही भरपूर आहेत.

हे फाजील कसोशीचं वाटत असेल तर आपल्याच कोकणकिनाऱ्यावर, अलिबागला काय केलं ते पाहावं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नोंदी चालू होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेची ट्राम येणार हे नक्की झालं. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परतणार, आणि पृथ्वीच्या बारीक चढउतारांच्या नोंदीत ट्रामचं वेळापत्रक उमटणार, हे वेधशाळेचे प्रमुख मूस यांना दिसलं. त्यांनी अलिबागची जागा निवडली. तिथली इमारत लोखंड न वापरता, चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणून बांधली, आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. पण कुलाब्याच्या नोंदी त्या दिवशी बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षं, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चाललं, कारण जागा बदलल्यानं जो फरक पडतो तो पृथ्वीचा नव्हे, हे आकड्यांत पकडायचं होतं. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७ मध्ये. तोवर वेधशाळा गडबडीच्या वाटेतून बाजूला झालेली होती. हे सगळं ज्या क्षेत्रासाठी केलं ते काही संशयित नव्हतं. होकायंत्राला ते शतकानुशतकं ठाऊक होतं. जे आहेच, त्याच्यासाठी इतकी काळजी. मग जे आहे की नाही हेच ठरायचंय त्याच्यासाठी किती हवी?

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. प्रत्येक नवी गोष्ट आधी हसण्यावारी नेली गेली, जाणकारांनी दारं लावून घेतली, आणि शेवटी ती खरी ठरली. स्केलर वेव्हचंही तसंच होईल, असं म्हणतात. यावर आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण बोलकं आहे. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथून हेलियम शोधला असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात १८६८ चं ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेच्या वर्णपटात ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गाला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. दोन ग्रहणं एकात मिसळली गेली. खरी हकीकत सांगितल्यानं किल्ल्याचा मान कमी होत नाही, आणि आपल्याला हवी ती गोष्ट तिच्यातच आहे. त्या पिवळ्या रेषेबद्दल लॉकियर यांनी नुसतं ‘काहीतरी दिसलं’ म्हटलं नाही. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, ही ५८७.६ वर होती. म्हणजे फरक जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा, पण ठाम, कुणालाही आपल्या उपकरणानं ताडून पाहता येणारा. तरीही पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना नवं मूलद्रव्य पटलं नाही. १८९५ मध्ये रॅमसे यांना एका युरेनियमयुक्त खनिजातून तोच वायू मिळाला, त्याची रेषा तिथेच आली, आणि शंका मिटली. सत्तावीस वर्षं संशयाखाली राहूनही जो आकडा हलला नाही त्यानं लढाई जिंकली. स्केलर वेव्हच्या प्रयोगांत असा आकडा अजून कुणी टेबलावर ठेवलेला नाही. प्रत्येकाचा डिटेक्टर वेगळं बोलतो.

लहरींच्याच प्रांतातलं आणखी एक उदाहरण याहून जवळचं आहे. जोसेफ वेबर यांनी १९६९ मध्ये ॲल्युमिनियमच्या मोठ्या नळकांड्यांवर गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं. माणूस प्रामाणिक आणि कसबी होता. एक नळकांडं मेरीलँडला, दुसरं शिकागोजवळ, आणि दोघांत एकाच वेळी येणाऱ्या उसळ्या मोजायच्या, ही कल्पनाही उत्तम होती. पण इतरांनी तशीच यंत्रं बांधली तेव्हा त्यांना काही मिळेना. दुसऱ्या एका गटाच्या नोंदींशी जुळलेल्या वेबर यांच्या उसळ्यांत तर चार तासांचा फरक निघाला. दोन्हीकडची घड्याळं वेगवेगळ्या प्रमाणवेळेवर होती, म्हणजे जे जुळायलाच नको होतं तेही जुळलेलं दिसत होतं. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर खरोखर सापडली, ती अमेरिकेतल्या, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन लायगो यंत्रांत, सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकानं. अशा सिग्नलांना गोंगाटातून वेगळं काढण्याच्या गणितात पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर यांच्या गटानं वर्षानुवर्षं काम केलेलं होतं. त्या शोधाच्या पडताळणीतली माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट कमी सांगितली जाते: एका यंत्राच्या नोंदी दुसऱ्याच्या तुलनेत मुद्दाम मागेपुढे सरकवून, म्हणजे खरी लहर जुळणं अशक्य करून, निव्वळ योगायोगानं किती उसळ्या जुळतात ते त्यांनी मोजलं. इतका जोरदार योगायोग दोन लाख वर्षांत एकदाही अपेक्षित नव्हता. शून्य मोजलेलं होतं, म्हणून शून्याहून वेगळं काय ते सांगता आलं. गुरुत्वीय लहरी आहेत असं वेबर म्हणत होते आणि त्या निघाल्या. पण त्यांच्या नळकांड्यात त्या आल्या होत्या असं आज कुणी मानत नाही. पुढे काही खरं ठरेल या आशेवर आजची नोंद खरी होत नाही.

गणिताचा आधार सांगणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवं. व्हिटेकर यांनी १९०४ मध्ये विद्युतचुंबकीय क्षेत्र दोन स्केलर फलनांतून मांडून दाखवलं, हे खरं आहे. आहारानोव आणि बोम यांनी १९५९ मध्ये असं दाखवलं की, जिथे क्षेत्र शून्य आहे तिथेही पोटेन्शियलचा परिणाम इलेक्ट्रॉनवर होतो. जपानमध्ये टोनोमुरा यांनी १९८६ मध्ये प्रयोगानं त्याची खातरजमा केली. मला हे भौतिकशास्त्रातल्या सुंदर निष्कर्षांपैकी एक वाटतं. पण व्हिटेकर यांची मांडणी त्याच मॅक्सवेलच्या क्षेत्राची आहे, नव्या लहरीची नाही. आणि आहारानोव-बोम परिणाम इलेक्ट्रॉनांच्या व्यतिकरणात दिसतो. तो कॅपॅसिटर आणि ऑप-अँपच्या डब्यात येऊन खरखरत नाही.

या वादाला बाजाराचीही एक बाजू आहे, म्हणून तो नुसता छंदाचा राहत नाही. ‘स्केलर एनर्जी’ किंवा ‘क्वांटम’ नावाची काळी पेंडंट आपल्याकडेही विकली जातात; मोबाइलपासून संरक्षण, सांधेदुखीला आराम, पाण्यात ऊर्जा. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेनं अशा दहा वस्तूंची नावं जाहीर करून त्या वापरू नका असा इशारा दिला, कारण त्यांतून खरोखरीचं आयनीकारी किरणोत्सर्जन होत होतं. थोरियमसारखी द्रव्यं असलेल्या खनिजांची भुकटी अशा पेंडंटांत सापडलेली आहे. म्हणजे ज्या वस्तूतून स्केलर लहर येते असं सांगितलं, तिच्यातून गायगर काउंटरला काहीतरी नक्की मिळालं, आणि ते चोवीस तास छातीवर बाळगायची चीज नव्हती. बारा-पंधरा हजारांची वस्तू असो की शंभराची, ती आजारी आईच्या गळ्यात घालणारा मुलगा फसवला जाऊ नये असं वाटत असेल, तर मोजमाप म्हणजे काय हे गावागावात समजलेलं असायला हवं.

राहिला शेवटचा प्रश्न, साधनांचा. हौशी माणसाकडे लायगो कुठून येणार? यायची गरजही नाही. महाराष्ट्रातच जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, तिला जन्मवेळा, पाकिटं आणि कडक शिस्त एवढंच लागलं. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या दोनशे पत्रिका, त्यांतल्या चाळीस प्रत्येक ज्योतिषाकडे, आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली हे तपासणाऱ्याला माहीत नाही. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यांत वरच्याचीही चाळीसपैकी चोवीसच बरोबर आली. सगळ्या दोनशे पत्रिका पाहणाऱ्या एका संस्थेची उत्तरं १०२ वेळा बरोबर निघाली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. डिटेक्टरसाठीही हीच रीत लागू पडते. एकसारखे चार डबे बांधावेत. दोघांत कॅपॅसिटर, दोघांत त्याच्या जागी नुसता रेझिस्टर. डबे सील करून त्यांना क्रमांक दुसऱ्या कुणी द्यावेत आणि यादी बंद पाकिटात ठेवावी. प्रत्येक जोडीत एक डबा कॅपॅसिटरचा आणि एक रेझिस्टरचा येईल अशी एक जोडी मालवणात ठेवावी, दुसरी आंबोलीला, कारण आंबोलीत ओल भरपूर असली तरी खारा वारा नाही, आणि त्यामुळे मीठ आणि ओल यांचे परिणाम वेगळे होतील. प्रत्येक डब्याशेजारी तापमान आणि आर्द्रतेची नोंद, एक मीडियम वेव्ह रेडिओ, आणि वेळ मोबाइलच्या अंदाजावर न सोडता जीपीएसवरून. सिग्नल कशाला म्हणायचं, किती मिलिव्होल्टच्या वर आणि किती वेळाच्या आत, हे डबे चालू करण्याआधी वहीत लिहून तारीख घालावी. पहिले दोन आठवडे इनपुट मोकळं ठेवून फक्त शून्याची नोंद. मग डबा न उघडता, बाहेरच्या स्विचनं आतला पार्ट इनपुटला जोडून एक उधाण आणि एक भांग पुरतं येईल एवढा काळ. यानंतर पाकीट उघडल्यावर जर कॅपॅसिटरचे दोन्ही डबे मालवणात आणि आंबोलीत एकाच क्षणी बोललेले निघाले, रेझिस्टरचे दोन्ही गप्प राहिलेले निघाले आणि रेडिओवर त्या वेळी काहीच नसेल, तर त्या नोंदी रत्नागिरीच्या किंवा कोल्हापूरच्या अशा माणसाच्या हाती द्याव्यात ज्याचा या लहरींवर विश्वास नाही. आमचे डबे मात्र त्याला देऊ नयेत. त्यानं सर्किटचा कागद घ्यावा आणि पार्ट बाजारातून स्वतः आणून डबे नव्यानं बांधावेत.